दुबईतून परतल्यावर तिथल्या खात्याची माहिती आयकर खात्याला कशी जाते? रिटर्नमध्ये काय दाखवायचं?

मलप्रभा_खानापूर
नमस्कार. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले बरेच जण आखातातून कायमचे परतलेत, पण तिथलं खातं चालूच आहे. आता ‘परदेशातील खात्याची माहिती मिळाली आहे, रिटर्न तपासा’ असे मेसेज येतायत. उदाहरण घेऊ: दुबईत सलग १२ वर्षं नोकरी, वर्षाला महिनाभर सुट्टी, ऑगस्ट २०२४ मध्ये परत. खात्यात ६०,००० दिरहम, पत्नीसोबत जॉइंट. बँकेनं नेमकं काय कळवलं असेल? बँकेत दुबईचाच पत्ता ठेवला तर कळत नाही, असं काही जण सांगतात. खरं आहे का?

वेदगंगा
पत्त्याचा सल्ला अजिबात ऐकू नका. भारत २०१७ पासून आणि युएई २०१८ पासून सीआरएस (कॉमन रिपोर्टिंग स्टँडर्ड) या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेखाली बँक खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण करतात. त्यात बँक फक्त पत्ता बघत नाही. तिथला मोबाइल बंद होऊन फक्त ९१ चा नंबर उरला, तरी ती भारताशी संबंधाची खूण धरली जाते. मग बँक स्वघोषणापत्र मागते. त्यात खोटा कर-निवास (कोणत्या देशाचे करदाते आहात ते) लिहिणं हा वेगळा गुन्हा होतो.

कळवतात ते असं: नाव, पत्ता, जन्मतारीख, पॅन, खाते क्रमांक, ३१ डिसेंबरची शिल्लक, वर्षभराचं व्याज. एका वर्षाची माहिती पुढच्या सप्टेंबरपर्यंत इथे पोचते. जॉइंट खात्यात मात्र दोघांच्याही नावावर पूर्ण ६०,००० दिरहम जातात, अर्धे-अर्धे नाही. पत्नीलाही मेसेज येतो तो यामुळेच.

मार्कंडेय_काठ
आधी रहिवासी दर्जा ठरवा. बहुतेकांची चूक इथेच होते. मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असलेला माणूस परतल्यावर ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात येतो. वरच्या उदाहरणात २०२४-२५ आणि २०२५-२६ ही दोन्ही वर्षं त्यात बसतात. या काळात दुबईच्या खात्याचं व्याज इथे करपात्र नाही आणि एफए शेड्यूलही (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागत नाही. बँक मात्र हा वर्ग बघत नाही, ती भारताचा कर-निवासी म्हणून कळवते. म्हणून मेसेज आला म्हणजे चूक झालीच असं नाही. आयकर पोर्टलवर कम्प्लायन्स पोर्टल, तिथे ई-कॅम्पेन उघडून दर्जाचं कारण लिहा आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवा. पत्नी तिथे राहत नसेल तर तिचा दर्जा वेगळा निघेल, तो स्वतंत्र तपासा.

२०२६-२७ साठी मागच्या ७ वर्षांतले भारतातले दिवस मोजावे लागतील. ७२९ च्या वर गेले की पूर्ण निवासी. वर्षाला महिनाभर सुट्टी घेतलेल्यांचे बहुधा जातात.

मलप्रभा_खानापूर
पूर्ण निवासी झाल्यावर? रक्कम फार मोठी नाही.

मार्कंडेय_काठ
लहान असली तरी भरायचं. आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, २ किंवा ३ घ्या. उत्पन्न करमर्यादेखाली असलं तरी रिटर्न भरावंच लागतं. एफए शेड्यूल जानेवारी ते डिसेंबरचं असतं, करपात्र व्याज एप्रिल ते मार्चचं. हे दोन आकडे जुळत नाहीत आणि जुळायलाही नकोत. शेड्यूलमध्ये वर्षातली सर्वाधिक शिल्लकही विचारतात. ती बँकेच्या सीआरएस अहवालात नसते, त्यामुळे पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट खातं बंद करण्याआधीच उतरवून घ्या. रुपयांत रूपांतर त्या त्या तारखेच्या स्टेट बँकेच्या टीटी बायिंग रेटनं (बँक परकीय चलन ज्या दरानं विकत घेते तो). समजा २३ रुपये दर, तर ६०,००० दिरहमांचे १३,८०,००० रुपये होतात.

माहिती दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून परदेशातली एकूण मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर तो लागत नाही. त्यानं दंड टळतो, शेड्यूल भरणं टळत नाही.

वेदगंगा
आपल्याकडची एक अडचण: जुन्या पासपोर्टवर बेळगाव, आधारवर बेळगावी. त्यानं फारसं बिघडत नाही. पॅन किंवा जन्मतारीख चुकली तर मात्र गोंधळ होतो, तेव्हा दुबईच्या बँकेत पॅन नीट नोंदवा. आणि तिथलं खातं ठेवणं बेकायदा नाही. अनिवासी असताना कमावलेला पैसा फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली बाहेर ठेवता येतो. इथलं एनआरई (अनिवासींसाठीचं रुपयांतलं) खातं तेवढं लगेच निवासी करून घ्या, कारण परतल्यावर त्याच्या व्याजाची करमाफी संपते.