मराठी विकिपीडियावर ‘घाशीराम कोतवाल’: गोव्यात बसून संदर्भ कसे जमवायचे?

रंगपीठ_फोंडा

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियासाठी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरच्या लेखाचा मोठा मसुदा धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहून ठेवलाय. कथानक, पहिली निर्मिती, प्रयोग थांबले तो वाद, संगीत, अनुवाद, चित्रपट आणि शेवटी ‘गोव्यातील प्रयोग’ असे विभाग आहेत. गाडी अडलीय ती संदर्भांपाशी.

पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, पुणे. ही तारीख नेटवर दहा ठिकाणी मिळते, पण बहुतेकांनी एकमेकांचं बघून लिहिलंय असं वाटतं. यातलं कुठलं धरायचं? कथानकाच्या प्रत्येक परिच्छेदाला संदर्भ लागतो का? आमच्या तालुक्यातल्या एका हौशी संस्थेने हे नाटक बसवलं होतं, मी त्या संस्थेचा सभासद आहे. त्या प्रयोगाबद्दल चार ओळी लिहिल्या तर चालतील का? आणि फोटोंचं काय?

पुण्यामुंबईच्या फेऱ्या सध्या जमणार नाहीत. पणजी, फोंडा, मडगाव एवढ्यात होईल असं काही सुचवा.

तिसरी_घंटा

आधी मसुद्यातलं प्रत्येक वाक्य कशाबद्दल आहे ते ठरवा. संहितेबद्दल, एखाद्या ठरावीक निर्मितीबद्दल, की नाटकाविषयी कोण काय म्हणालं त्याबद्दल? नाटकांवरचे लेख नासतात ते या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे. ‘नाना फडणवीसांची भूमिका मोहन आगाशे यांनी केली’ हे वाक्य संहितेबद्दल नाहीच. ते प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या, म्हणजे पीडीएच्या १९७२ च्या निर्मितीबद्दल आहे. पात्रांच्या तक्त्यात नटांची नावं घालायची तर तक्त्याच्या डोक्यावर निर्मिती आणि वर्ष पाहिजेच. नाहीतर उद्या कोणीतरी त्याच तक्त्यात आपल्या गावच्या नटाचं नाव घालून मोकळा होतो.

नाटकात ब्राह्मण रांगेत उभे राहून जी मानवी भिंत करतात, ती याचं चांगलं उदाहरण. ती रांग संहितेतच आहे, त्यामुळे तेवढ्याला छापील नाटक पुरेल. पण ती भिंत कशी डोलते, कशी फुटते, कशी पुन्हा जुळते हे वर्णन जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्यदिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत यांचं आहे. त्याला प्रयोग पाहून लिहिलेलं परीक्षण किंवा लेख लागतो. यूट्यूबवर तुकडा बघून स्वतःच्या शब्दांत वर्णन केलंत तर ते मूळ संशोधन, म्हणजे आधी कुठे न छापलेलं स्वतःचं निरीक्षण, ठरतं, आणि शिवाय तो तुकडा कुठल्या संचाचा, कुठल्या वर्षीचा हे बऱ्याचदा कळतच नाही.

तारखेचं सोपं आहे. मराठी नाटकाच्या छापील पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर पहिल्या प्रयोगाची तारीख, स्थळ, संस्था आणि श्रेयनामावली देण्याची पद्धत आहे. अशा कोरड्या माहितीला प्राथमिक स्रोत, म्हणजे ते पुस्तक स्वतःच, चालतो. फक्त तुमच्या हातातली आवृत्ती कितवी, ते संदर्भात लिहा, कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात. त्याला जोड म्हणून एखादा स्वतंत्र ग्रंथ किंवा कोशातली नोंद द्या. दोन पुरेत. एका तारखेला सहा संदर्भ चिकटवले की उलट संशय येतो.

प्रयोगाचं वर्ष, पुस्तकाचं वर्ष आणि चित्रपटाचं वर्ष वेगवेगळं ठेवा. तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या बाबतीत नेटवर याची खिचडी झालेली आहे. अरविंद देशपांड्यांनी रंगायन या नाट्यसंस्थेसाठी ते बसवलं १९६७ मध्ये, आणि सत्यदेव दुबेंचा चित्रपट १९७१ चा. हे १९७१ नाटकाच्या नावावर सर्रास खपवलेलं दिसतं. तुमच्या नाटकाच्या बाबतीत चित्रपट १९७६ चा, युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हचा. त्याचे दिग्दर्शक, नट, पटकथा सगळं त्याच्या स्वतंत्र लेखात जाऊ दे. इथे दोन ओळी आणि दुवा एवढंच. विकिडेटावरही (सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यात) नाटक आणि चित्रपट या दोन वेगळ्या नोंदी असतात. आंतरविकी दुवा, म्हणजे इतर भाषांतल्या लेखांशी दुवा, जोडताना नेमकी कुठली नोंद उघडलीय ते बघून जोडा.

वादाच्या विभागात सर्वात घातक शब्द म्हणजे ‘बंदी’. एकोणीस प्रयोगांनंतर हे नाटक थांबवलं ते पीडीएच्याच पदाधिकाऱ्यांनी. मग त्यातल्या कलावंतांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू झाले. सेन्सॉरशी आणि कोर्टाशी भांडण झालं ते त्याच काळातल्या ‘सखाराम बाइंडर’चं. तेंडुलकर दोन्हीकडे असल्यामुळे लोक एकाचं दुसऱ्याला लावतात. म्हणून ‘नाटकावर बंदी आली’ असं कर्त्याविना वाक्य लिहू नका. कोणी थांबवलं, कुठल्या आक्षेपावरून, हे नावानिशी आणि प्रत्येकाला वेगळा संदर्भ देऊन लिहा. यातली काही मंडळी हयात आहेत. हयात व्यक्तीबद्दलचं वादग्रस्त विधान बिनसंदर्भाचं असेल तर ते कोणीही लगेच काढू शकतं, आणि काढावंच.

कथानकाला ओळीओळीला संदर्भ लागत नाही, संहिता हाच आधार. चारपाचशे शब्दांत, वर्तमानकाळात, विशेषणं गाळून लिहा. ‘सत्तेच्या क्रौर्याचं विदारक चित्रण’ असलं काही आलं की ते कथानक उरत नाही, ते मत झालं. मत कोणाचं, ते सांगावं लागतं.

पाट्टोवाचक

गोव्यातल्या साधनांबद्दल लिहितो.

पणजीतलं पाट्टोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय हे पहिलं ठिकाण. ‘घाशीराम कोतवाल’ एवढंच शोधू नका, कारण याच नावाचं मोरोबा कान्होबा यांचं १८६३ सालचं पुस्तकही आहे. लेखकाच्या नावाने शोधा. विकिपीडियावर सुद्धा नाटक, चित्रपट, हे जुनं पुस्तक आणि १७९१ मध्ये मारला गेलेला खरा कोतवाल अशा चार गोष्टी एका नावाखाली येतात. नाटकाच्या लेखात ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ म्हणून त्या कोतवालाचं अख्खं चरित्र ओतू नका. हे ऐतिहासिक नाटक नव्हे अशी भूमिका स्वतः तेंडुलकरांनी घेतलेली आहे, ती पुस्तकातल्या त्यांच्या निवेदनाच्या आधारे आधी मांडा आणि इतिहासाला एक परिच्छेद द्या.

जयंत कर्वे आणि एलिनॉर झेलियट यांचा इंग्रजी अनुवाद सीगल बुक्सने १९८४ मध्ये कलकत्त्याहून काढला. तो गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघा. अनुवादाच्या विभागासाठी पुस्तक स्वतःच पुरेसं आहे, हिंदीतल्या वसंत देव यांच्या अनुवादालाही तेच लागू. विद्यापीठात जायचंच नसेल तर घरबसल्या शोधगंगावर पीएच.डी.चे प्रबंध उघडतात. तेंडुलकरांवर तिथे बरंच आहे. प्रबंध संदर्भ म्हणून चालतो, पण त्यातल्या तळटिपा बघा. ज्या तळटिपेत विकिपीडियाच दिलाय तो प्रबंध तेवढ्यापुरता बाद.

गोव्यातल्या प्रयोगांसाठी वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळण्याला पर्याय नाही. ‘गोमन्तक’ १९६२ पासूनचा, त्याशिवाय ‘राष्ट्रमत’ आणि ‘नवप्रभा’. जाण्याआधी प्रयोगाचा महिना तरी हातात असू दे. नाहीतर वर्षभराच्या बांधीव फायलीत दिवस जातो आणि हाती फक्त जाहिरात लागते. ‘आज रात्रौ’वाली जाहिरात प्रयोग ठरला होता एवढंच सांगते. तो झाला की रद्द झाला, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या बातमीतून कळतं.

टिपून घ्यायचं ते असं: वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, मथळा जसाच्या तसा, आणि बातमीखाली नाव असेल तर ते. ‘गोवा आवृत्ती’ हे आठवणीने लिहा. बाहेर छापल्या जाणाऱ्या दैनिकांच्या गोवा आवृत्तीतलं पान मुंबईच्या आवृत्तीत सापडत नाही, आणि मग पडताळणारा ‘संदर्भ खोटा’ असा शेरा मारून जातो. संदर्भ ऑनलाइन नसला तरी चालतो, तपशील पूर्ण पाहिजेत. कात्रणाचा फोटो काढून ठेवा, पण तो विकिपीडियावर चढवू नका. चर्चापानावर कोणी विचारलंच तर त्यातल्या दोन ओळी उद्धृत करायला उपयोगी पडतो.

ई-पेपरचा दुवा टाळा. तो काही महिन्यांत मरतो. बातमी वृत्तपत्राच्या साइटवर असेल तर संदर्भ देतानाच वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर) जतन करा आणि जतन केलेली प्रत उघडून बघा. जुन्या मराठी साइट युनिकोडमध्ये नव्हत्या, त्यांच्या जतन प्रतींत अक्षरांचा भुगा दिसतो. तसं असेल तर दुव्याच्या भरवशावर न राहता छापील अंकाचे तपशील द्या.

मुक्तसाठा

फोटोंबद्दल. भारतात छायाचित्राचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजला जातो. म्हणजे १९७२ मध्ये छापून आलेला फोटो भारतात १ जानेवारी २०३३ ला मोकळा होईल. कॉमन्सला, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसाठ्याला, अमेरिकेतला हक्कही संपलेला लागतो आणि तो त्याहून लांब जातो. तेव्हा मूळ संचाचे गाजलेले फोटो विसरा. ‘जुना आहे, नेटवर सगळीकडे आहे’ हे कारण तिथे चालत नाही, आणि सौजन्य वापर (हक्क असलेलं चित्र मर्यादित कारणासाठी वापरणं) कॉमन्सवर मुळीच नाही. संहितेचंही तसंच. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, हक्क २०६८ च्या अखेरपर्यंत. एखाददुसरी ओळ उद्धृत करा, नांदीचं अख्खं पद टाकू नका.

तुमच्या संस्थेच्या प्रयोगाचा फोटो चालू शकतो, पण चढवणार कोण? फोटो ज्याने काढला त्याने स्वतःच्या खात्यावरून चढवला तर उत्तम. तुम्ही चढवणार असाल तर त्याची परवानगी ईमेलने कॉमन्सच्या परवानगी चमूकडे जायला हवी, आणि त्यात परवान्याचं नाव स्पष्ट पाहिजे. ‘विकिपीडियासाठी वापरा, हरकत नाही’ एवढ्यावर फोटो उडतो, कारण परवाना कोणालाही, व्यावसायिक वापरासाठी सुद्धा, मोकळा असावा लागतो. पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल तर कायद्याने पहिला हक्क बोलावणाऱ्याचा. तेव्हा बिल कोणाच्या नावे आहे ते बघा.

जाता जाता एक गोव्यापुरतं. नाट्यगृहाच्या इमारतीचा फोटो भारतात खुशाल टाकता येतो, कंपालच्या कला अकादमीचा सुद्धा. पण तिथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवरची मारिओ मिरांडांची चित्रं फोटोत ठळक आली तर अडचण. इमारत आणि शिल्प यांना कायद्यात जी सूट आहे ती भिंतीवरच्या रंगचित्राला नाही. रंगमंचाकडे कॅमेरा ठेवा.

रंगपीठ_फोंडा

देव बरें करूं! पुस्तक आणि वृत्तपत्रांचं कळलं. दोन शंका उरल्या. यथादृश्य संपादकात (व्हिज्युअल एडिटरमध्ये) पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकून संदर्भ बनवतो तेव्हा लेखकाचं नाव रोमनमध्ये येतं, जुन्या पुस्तकाला तर काहीच येत नाही. आणि गोव्यातील प्रयोगांचा विभाग ठेवू की नको?

प्रॉम्प्टर

विभाग नको. हे नाटक महाराष्ट्रात आणि बाहेर किती हौशी संस्थांनी, किती महाविद्यालयांनी केलं असेल. गोव्याला विभाग दिला तर सोलापूर, बेळगाव, इंदूर सगळ्यांना द्यावा लागेल. शिवाय तुम्ही सभासद, म्हणजे हितसंबंध आलाच. स्पर्धेत पारितोषिक मिळालं हेही पुरेसं नाही, निकालाच्या यादीत सगळ्याच विजेत्यांची नावं असतात.

तिसरी_घंटा

प्रॉम्प्टर, इतकं सरसकट नको. स्वतंत्र विभाग नसावा हे मान्य. पण ‘इतर निर्मिती’ अशा विभागात एक वाक्य बसू शकतं, अट एवढीच की त्या प्रयोगावर संस्थेशी संबंध नसलेल्या कोणीतरी सविस्तर लिहिलेलं असावं. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगांवर स्थानिक दैनिकांत परीक्षणं येतात. निकालाची बातमी वेगळी आणि परीक्षण वेगळं. परीक्षणात त्या निर्मितीचं वेगळेपण नोंदवलेलं असेल, समजा संगीताचा बाज बदलला किंवा भिंत वेगळ्या तऱ्हेने उभी केली, तर त्यावर वाक्य लिहिण्यासारखं काही आहे. संस्थेच्या स्मरणिकेवर मात्र काही उभं करू नका.

रंगपीठ, तुम्ही ते वाक्य स्वतः लेखात घालू नका. चर्चापानावर प्रस्तावित मजकूर, संदर्भाचे पूर्ण तपशील आणि ‘मी या संस्थेचा सभासद आहे’ हे तिन्ही एकत्र लिहा. आठवडाभर कोणी फिरकलं नाही तर चावडीवर (सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) दुवा द्या. मराठी विकिपीडियावर नियमित काम करणारे मोजकेच आहेत, उत्तराला वेळ लागतो. उत्तर नाही म्हणजे संमती असं धरून चालू नका.

आयएसबीएनची माहिती जगभरच्या ग्रंथसूच्यांतून उचलली जाते, म्हणून नाव रोमनमध्ये आणि तेही आडनाव आधी असं येतं. आलेला साचा (संदर्भाचा ठरावीक रकान्यांचा नमुना) उघडून लेखक, शीर्षक, प्रकाशक, ठिकाण देवनागरीत पुन्हा लिहा. जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नसतो, तिथे साचा हाताने भरायचा आणि तो रकाना रिकामा सोडायचा. दुसऱ्या आवृत्तीचा आयएसबीएन पहिल्या आवृत्तीच्या वर्षाला जोडण्याचा उद्योग करू नका. एकच पुस्तक पाच ठिकाणी वापरणार असाल तर संदर्भाला नाव द्या आणि पुन्हा तोच वापरा. पान क्रमांक मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा दाखवा, नाहीतर ‘पृष्ठे ५ ते ९०’ असला निरुपयोगी संदर्भ तयार होतो.

पाट्टोवाचक

एकमेकांचं बघून लिहिलेल्या संदर्भांवर एक उपाय राहिला. समजा एखाद्या बातमीत प्रयोगांची एकूण संख्या दिलीय आणि तीच विकिपीडियावर आहे. लेखाच्या ‘इतिहास’ टॅबवर जाऊन तो आकडा पहिल्यांदा कुठल्या तारखेला घातला गेला ते शोधा. लेख मोठा असेल तर विकिब्लेम हे साधन वापरा, त्यात आकडा टाकला की तो आणणारं संपादन सापडतं. बातमी त्या तारखेनंतरची असेल तर ती संदर्भ म्हणून घेऊ नका, बातमीदाराने तो आकडा विकिपीडियावरूनच उचललेला असू शकतो. श्रद्धांजलीपर लेखांत हे फार. इंग्रजी लेखातूनही बिनसंदर्भ आकडे तसेच मराठीत येतात. भाषांतर केलंत तर बदलांच्या आढाव्यात मूळ इंग्रजी लेखाचा उल्लेख करा, परवान्याची ती अट आहे. आणि तिथला जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही तो इकडे आणू नका.

रंगपीठ_फोंडा

ठीक. गोव्याचा विभाग मसुद्यातून काढतो. परीक्षण मिळालं तर चर्चापानावर टाकून इथे दुवा देईन. ग्रंथालयात ‘राष्ट्रमत’च्या फायली मागायला आधी अर्ज लागतो का, की थेट काउंटरवर मिळतात?

पाट्टोवाचक

आधी फोन करून विचारा. फाइल बांधणीला किंवा स्कॅनिंगला गेलेली असली तर फुकटची खेप होते. वर्ष आणि महिना सांगितलात की तेच बघून सांगतात.