नॅसकारमधली खुन्नस: मुद्दाम गाडी ठोकणाऱ्याला लोक टाळ्या का देतात?

पौडफाटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून अमेरिकेत शार्लटला आलो, बँकेच्या आयटीत आहे. आमच्या टीममध्ये दोघं नॅसकारवेडे आहेत, म्हणजे इथल्या मोटारशर्यतींचे. एक अकरा नंबरच्या गाडीची टोपी घालून येतो, दुसरा बावीस नंबरच्या मगमधून कॉफी पितो. सोमवारी सकाळी मीटिंग सुरू व्हायच्या आधी या दोघांची जुंपलेली असते. मी शाळेत असल्यापासून फॉर्म्युला वन बघतो. तिथे चाकाला चाक घासलं तरी चौकशी बसते. इथे परवा त्यांनी मला २०१५ च्या मार्टिन्सव्हिलच्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. एक मोडकी गाडी पहिल्या नंबरवर चाललेल्या गाडीला नेऊन भिंतीत घालते, आणि लोक उभं राहून ओरडतायत, टाळ्या पिटतायत. मला खरंच कळेना. हे चालतं कसं? आणि लोकांना यात आनंद कसला? कोणी इथे बरीच वर्षं असेल तर नीट समजावून सांगा. नुसती भांडणांची यादी नको, ती गूगलवर मिळते.

कॅनापोलिसकर

पौडफाटा, तो व्हिडिओ तू पाहिलास, मी ती शर्यत पहिल्या वळणाच्या वर बसून पाहिली. १ नोव्हेंबर २०१५. मार्टिन्सव्हिल हा जेमतेम अर्ध्या मैलाचा ट्रॅक, कागदाच्या क्लिपसारखा लांबट. प्रत्येक वळणाला कचकन ब्रेक मारावा लागतो, त्यामुळे तासाभरात ब्रेकचा जळका वास कपड्यांत बसतो. जोई लोगानो पुढे होता. ४७ फेऱ्या राहिल्या होत्या. मॅट केन्सेथची वीस नंबरची गाडी आधीच्या एका अपघातात चेपलेली आणि नऊ फेऱ्या मागे, म्हणजे जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. लोगानो त्याच्याजवळ आला, आणि पहिल्या वळणाशी केन्सेथनं त्याला रेटत नेलं ते थेट भिंतीत. माझ्या पुढच्या रांगेत एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, सकाळपासून शांतपणे विणकाम करत बसल्या होत्या. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या, उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर करून ओरडल्या. मीही उभा राहिलो होतो.

का, ते कळायला दोन आठवडे मागे जावं लागतं. १८ ऑक्टोबरला कॅन्ससमध्ये केन्सेथ पुढे होता, पाच फेऱ्या उरल्या होत्या. प्लेऑफची, म्हणजे मोसमाच्या शेवटी किताबासाठी होणाऱ्या बाद फेऱ्यांची, पुढची पायरी गाठायला त्याला तो विजय हवाच होता. मागे लोगानो. त्यानं आदल्या आठवड्यात शार्लट जिंकलेलं, म्हणजे त्याची जागा पक्की झालेली. केन्सेथ त्याची वाट अडवत होता हेही खरं. लोगानोनं त्याला मागून लावली, केन्सेथ गरगरत गेला आणि लोगानो जिंकला. वर शर्यत संपल्यावर, ही चांगली अटीतटीची झुंज होती, अशा अर्थाचं बोलला. पुढच्या रविवारी टॅलाडेगाही लोगानोनंच जिंकली आणि तिथे केन्सेथ प्लेऑफमधून बाहेर पडला. माझं मत विचारशील तर धक्क्यापेक्षा ते बोलणं जास्त झोंबलं. 'चुकलो, जोरात लागली' एवढं म्हणाला असता तर मार्टिन्सव्हिल झालंच नसतं, असं मला आजही वाटतं.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती व्हिडिओत दिसत नाही. ती वीस नंबरची गाडी आधी लोगानोचीच. २००९ पासून २०१२ पर्यंत जो गिब्जच्या संघात तो वीस नंबर चालवायचा. मग संघानं केन्सेथला आणलं, लोगानोची जागा गेली आणि तो रॉजर पेन्स्केकडे बावीस नंबरवर बसला. म्हणजे ज्या गाडीतून त्याला उतरवलं त्याच नंबरनं त्याला भिंत दाखवली. पेन्स्के आणि गिब्ज या दोन संघांचं तेव्हापासून जे वाकडं झालं ते बरीच वर्षं टिकलं. तुझ्या ऑफिसातला अकरा नंबर म्हणजे गिब्जचा डेनी हॅमलिन, बावीस म्हणजे लोगानो. ते दोघं सोमवारी भांडतात ते याच जुन्या बाकीवरून.

आता 'चालतं कसं'. इथे गाडीला गाडी लागणं धरलेलंच असतं. छोट्या ट्रॅकवर पुढच्याला वळणात मागून हलका टेकू द्यायचा, त्याची मागची चाकं जराशी सुटतात, गाडी वर सरकते आणि आपण खालून निघून जायचं. याला बंप अँड रन म्हणतात आणि त्याला कोणी शिक्षा करत नाही. पंच प्रत्येक धक्क्याचा निवाडा करत बसत नाहीत. आणि हीच चाळीसेक माणसं फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला एकमेकांसमोर येतात. मग हिशेब कोण ठेवणार? तेच ठेवतात. कोणी मला वाट दिली, कोणी विनाकारण अडवलं, कोणी लावली आणि नंतर येऊन बोलला, कोणी तोंड फिरवून गेला. इथल्या लोकांच्या तोंडी एक वाक्य सारखं असतं: तो माझ्याशी जसा चालवतो तसाच मी त्याच्याशी चालवणार. त्या दिवशी आम्ही उभे राहिलो ते बाकी चुकती झाली म्हणून. नॅसकारनं केन्सेथला दोन शर्यती घरी बसवलं आणि मला ते योग्यच वाटलं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी पटतात.

ती शर्यत शेवटी जेफ गॉर्डननं जिंकली, त्याचा ९३ वा आणि अखेरचा विजय. अंधार पडत आला होता आणि अख्खं स्टँड त्याच्या नावानं ओरडत होतं. तो व्हिडिओही बघ.

आणखी एक सांगतो. २००६ ला मी इथे घर घेतलं तेव्हा शेजारी एक आजोबा होते, टॉवेलच्या गिरणीत आयुष्य गेलेलं. गॅरेजचं दार वर करून खुर्ची टाकून बसायचे. मला हा खेळ त्यांनीच शिकवला, आणि सुरुवात केली ती १८ फेब्रुवारी १९७९ पासून. डेटोना ५००, पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर थेट. पूर्वेकडे बर्फाचं वादळ, माणसं घरात अडकलेली, म्हणून ज्यांनी कधी ही शर्यत पाहिली नव्हती तेही बघत बसले. शेवटची फेरी. डॉनी ॲलिसन पुढे, केल यारबरो मागे. केल खालून घुसायला गेला, डॉनीनं त्याला खाली दाबलं, केलची चाकं चिखलात. दोघं एकमेकांवर आदळत आदळत तिसऱ्या वळणाच्या भिंतीला गेले आणि घसरत खालच्या गवतात येऊन थांबले. रिचर्ड पेटी कितीतरी मागे होता, तो जिंकला. डॉनीचा भाऊ बॉबी चौकशीला म्हणून थांबला आणि मग हाणामारी. बॉबी पुढे आयुष्यभर सांगायचा की केलचं नाकच येऊन माझ्या मुठीवर आदळत होतं.

आजोबा मात्र मारामारीचं फार सांगायचे नाहीत. ते सांगायचे त्याच शर्यतीतल्या आधीच्या गोष्टीचं. पहिल्या तीसेक फेऱ्यांतच हे तिघं एकमेकांत अडकून चिखलात गेले होते. डॉनीची एक फेरी गेली, केलच्या तीन. केलनं त्या तिन्ही फेऱ्या एकेक करून भरून काढल्या, तेव्हा कुठे तो शेवटच्या फेरीत डॉनीच्या मागे पोचला. आजोबा दोन बोटं टेबलावर एकामागे एक सरकवून दाखवायचे आणि म्हणायचे, एवढं करून आलेला माणूस शेवटच्या वळणात ब्रेक मारेल का, तूच सांग. आणि दुसरा, जो दिवसभर गाडी जपून तिथवर आलाय, तो वाट देईल का? त्या दोन बोटांमुळे मला हा खेळ कळला.

बंडूचेबाबा

वरचा प्रतिसाद मनापासून आवडला. थोडी भर घालतो, कारण 'काय चालतं आणि काय नाही' याची रेघ आमच्या घरात रोज गिरवली गेली आहे. माझा मुलगा दोन उन्हाळे शार्लट स्पीडवेच्या आतल्या पाव मैलाच्या ट्रॅकवर बँडोलेरो चालवायचा, म्हणजे मुलांच्या छोट्या शर्यतगाड्या. एकदा दुसऱ्या एका मुलानं त्याला मागच्या उजव्या कोपऱ्यावर लावली. आपण डावीकडे वळत असतो. मागच्या डाव्या बाजूला किंवा बंपरच्या मधोमध धक्का बसला तर गाडी फिरते, बहुतेक वेळा खाली आत घसरत जाते. पण उजव्या कोपऱ्यावर लागली की नाक उजवीकडे वळतं आणि गाडी समोरासमोर बाहेरच्या भिंतीला जाते. त्या दिवशी पुढची चौकट वाकली. मुलगा धड होता, पण हातमोजे काढताना त्याची बोटं थरथरत होती. ते मी विसरलेलो नाही.

मोठ्यांच्या शर्यतीतही हीच रेघ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये लास व्हेगासला बबा वॉलेसनं काइल लार्सनला उजव्या कोपऱ्यावर लावली, एक शर्यत बंदी. मे २०२३ मध्ये इथेच शार्लटला चेस एलियटनं हॅमलिनला तसंच केलं, त्यालाही एक शर्यत बंदी, आणि चेस तर सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर. दीड मैलाच्या ट्रॅकवर तो वेग काय असतो ते स्टँडमध्ये बसून कळतं.

आणि बोलण्याचीही शिक्षा होते बरं का. मार्च २०२३ मध्ये फिनिक्सला हॅमलिननं रॉस चॅस्टेनला भिंतीला लावलं. शर्यतीत कोणी काही म्हटलं नाही. मग हॅमलिननं स्वतःच्याच पॉडकास्टवर सांगून टाकलं की मुद्दाम केलं. २५ गुण आणि ५० हजार डॉलर गेले. माझ्या मुलानं तेव्हा विचारलं होतं, खरं बोलला म्हणून दंड का? मी त्याला म्हटलं, दंड केल्याबद्दल आहे, बोलल्यामुळे तो सिद्ध झाला. त्याला ते पटलं नाही. आजही वाद घालतो.

सातारीकंदी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे मला टाळ्या वाजवणं जड जातं. पौडफाटा, तुझ्या सहकाऱ्यांना मार्च २०१३ ची फोंटानाची शर्यत विचार. शेवटच्या फेरीत हॅमलिन आणि लोगानो पहिल्या नंबरसाठी भिडले, आणि त्याआधीच्या शर्यतीपासून दोघांत धुसफूस होतीच. दोन्ही गाड्या गेल्या. हॅमलिन आतल्या बाजूच्या भिंतीवर नाकावर आदळला. त्या ठिकाणी धक्का शोषणारं कुंपण नव्हतं, नुसतं काँक्रीट. कमरेच्या पहिल्या मणक्याला दबून फ्रॅक्चर. चार शर्यती गेल्या.

असा मणका घेऊन आलेल्या माणसाला कुशीवर वळायला शिकवण्यापासून सुरुवात करावी लागते. आधी गुडघे दुमडायचे, मग खांदा आणि कंबर एकदम वळवायची, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. धडधाकट माणसं असतात, पलंगाच्या कडेला बसेपर्यंत घाम फुटतो. मी हे हातांनी केलेलं आहे. म्हणून 'हिशेब चुकता' हा शब्द मला पुरत नाही. ज्याचा हिशेब चुकता होतो त्याचं शरीर त्यात असतं. तुम्ही दोघांनी लिहिलेलं मला कळतं, पण हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

कॅनापोलिसकर

सातारीकंदी, तुमचं म्हणणं मान्य आहे. त्या बाई आणि मी उभे राहिलो तेव्हा लोगानो गाडीतून बाहेर यायचा होता. तो चालत बाहेर आला, पण ते आम्हाला आधी ठाऊक नव्हतं. हे मी इतक्या वर्षांत या बाजूनं पाहिलं नव्हतं.

म्हणूनच मला आता केन्सेथपेक्षा मार्टिन ट्रूएक्स जास्त आठवतो. तोच ट्रॅक, ऑक्टोबर २०१८, शेवटची फेरी. ट्रूएक्स लोगानोला पार करून पुढे गेला, एकही धक्का न देता, आणि त्याला कितीतरी वेळ झगडावं लागलं होतं. शेवटच्या दोन वळणांत लोगानोनं त्याला मागून टेकू दिला, ट्रूएक्स वर सरकला आणि लोगानो जिंकला. त्या विजयानं लोगानोला अंतिम शर्यतीत जागा मिळाली. ट्रूएक्स गाडीतून उतरला तो लालबुंद, आणि म्हणाला की ही लढाई त्यानं जिंकली असेल, युद्ध मी जिंकू देणार नाही.

तीन आठवड्यांनी होमस्टेडला किताबासाठी जे चौघं होते त्यांत हे दोघंही. ट्रूएक्सचा संघ त्या मोसमानंतर बंदच होणार होता, म्हणजे त्या माणसांना गमवायला काही उरलं नव्हतं. पंधरा फेऱ्या उरल्या तेव्हा ट्रूएक्स पुढे होता. लोगानो मागून आला, बाहेरून घेतली आणि स्वच्छ पुढे गेला. ट्रूएक्सनं त्याला हातही लावला नाही. दुसरा आला. मी घरी टीव्हीपुढे बसून 'लाव, लाव त्याला' म्हणत होतो. शेजारचे आजोबा माझ्या सोफ्यावर होते, ते एवढंच म्हणाले, तो नाही लावणार.

पौडफाटा, मार्टिन्सव्हिल शार्लटहून गाडीनं दोनेक तासांवर आहे. तिकीट पहिल्या वळणाकडचं घे, वरच्या रांगांतलं, म्हणजे दोन्ही सरळ पट्ट्या दिसतात. कानाला बूच लागतातच. आणि भाड्यानं स्कॅनर मिळतो तो घेच, त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या क्रूचं बोलणं ऐकू येतं. कोणी कोणाची बाकी ठेवली आहे ते तिथे आधी कळतं, गाड्या लागतात नंतर.

पौडफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी जेवताना बावीस नंबरवाल्याला होमस्टेडचं विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की त्या दिवशी त्याला लोगानोइतकाच ट्रूएक्सचाही अभिमान वाटला होता. अकरा नंबरवाला टेबलापलीकडून बघत होता. त्यानं मान हलवली. मार्टिन्सव्हिलची तीन तिकिटं काढली आहेत, पहिल्या वळणाची.