नाताळच्या सुट्टीतली ट्रिप आणि सईच्या राइड्स

(फोंड्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

सेक्रेटरी प्रभू: नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिका राइड पार्कला जायचं नक्की. मडगावहून संध्याकाळची कोकणकन्या, पहाटे पनवेल, तिथून मिनीबस करून थेट पार्क. नावं शुक्रवारपर्यंत द्या. मुलांची उंची पण लिहा, राइडला उंचीची अट असते.

फडते काकी: आमची तिघं. सईच्या आई, तुम्ही येताय ना? सईला मी सांभाळीन हो. तुम्ही दोघं बिनधास्त बसा राइडवर, आम्ही सावलीत गप्पा मारत बसू.

सईची आई: काकी, तुमच्या तोंडात साखर पडो. पण सईनेच सगळ्यांत आधी तयारी केलीय. व्हिडिओ बघून कुठल्या राइडवर बसायचं त्याची यादी भिंतीला लावलीय. तिला बाकावर बसवून आम्ही राइडवर गेलो तर घरी आल्यावर आमची खैर नाही.

सेक्रेटरी प्रभू: वहिनी, राग मानू नका, पण सोसायटीच्या नावाने ट्रिप आहे, काही झालं तर जबाबदारी येते. सईसारख्या सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलांना राइडवर घेतात का?

सईची आई: राग कसला, विचारलंत ते बरं झालं. 'सीपी' म्हटल्यावर काहीच ठरत नाही. सीपीची मुलं धावणारी पण असतात आणि मान न धरणारी पण. मी दोनच गोष्टी बघते. सीट तिला कुठे धरते, आणि राइड मध्येच वर अडकली तर ती खाली कशी येणार.

सईचे पाय ताठ, कंबरेत जोर कमी. मान छान धरते. उजवा हात पक्का, डावा मदतीपुरता. आता मांडीवर येणारा आडवा दांडा घ्या. तो फक्त मांड्या धरतो, वरचं अंग ज्याचं त्याने सावरायचं. सई बसल्या जागी पुढे पुढे सरकते. त्यात गाडीने झटका दिला की दचकून तिचे पाय सरळ होतात आणि ती दांड्याखालून घसरायला लागते. दांडा तर लागलेला असतो. वरून बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं.

आणखी एक. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो आधी सईच्या बाबांच्या पोटावर अडतो 😄 मग तिच्या मांडीवर चार बोटं जागा मोकळी. म्हणून अशा राइडवर तिच्या शेजारी बाबा नाही, मी बसते. प्रत्येकाला वेगळा दांडा असेल तर प्रश्नच नाही.

सईचे बाबा: माझं पोट ग्रुपवर आणायची गरज होती का?

फडते काकी: मग मांडीवर घेऊन बसायचं ना. आपण घट्ट धरलं की झालं.

कामत काका (सी-३०२): नको हो काकी. वळणावर अंगाचा भार वाढतो. अडीच 'जी'ची, म्हणजे वजन अडीचपट करणारी राइड धरली तर २५ किलोचं पोर साठ-बासष्ट किलोचं होतं. तेवढं वजन नुसत्या हातांनी, तेही अचानक, कोण धरणार? मी पस्तीस वर्षं मशिनांत घालवलीत, माणसाच्या पकडीवर माझा विश्वास नाही.

सेक्रेटरी प्रभू: महत्त्वाचे: टाकी साफ करायची असल्याने उद्या १० ते १ पाणी बंद. बादल्या भरून ठेवा.

नाईक (ए-१): परत? गेल्या महिन्यात तर केली.

सेक्रेटरी प्रभू: ती वरची. ही खालची.

गौरी (फिजिओ, बी-२०३): आत्ता वाचलं. वहिनींनी नेमकं सांगितलंय. त्यात थोडी भर घालते. खांद्यावरून येणारा हार्नेस धड चांगलं धरतो, पण डोकं नाही धरत. मान कमजोर असलेल्या मुलाचं डोकं प्रत्येक वळणावर त्या हार्नेसवर आपटतं. सईला तो प्रश्न कमी, पण इतरांनी लक्षात ठेवा. डाउन सिंड्रोमच्या मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. झटक्याच्या राइडआधी त्यांच्या डॉक्टरांना विचाराच. एक्स-रे चांगला आला म्हणून सगळं मोकळं, असंही नसतं. डोक्यात शंट (साठलेलं पाणी काढणारी नळी) असेल, हाडं ठिसूळ असतील, हृदयाचा त्रास असेल तरी विचारायचं. आणि 'राइडला नेऊ का' असं मोघम विचारलंत तर डॉक्टर 'नको' म्हणून मोकळे होतील. राइडचा व्हिडिओ दाखवा आणि झटका, उलटं होणं, अंधारातले लुकलुकते दिवे यातलं काय चालेल ते विचारा.

सईची आई: लाख बोललीस गौरी. आमच्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनीच दोन नावं खोडली आणि एक नवं सुचवलं.

आदित्य (बी-१०२): काकू, आणि ती नायट्रो रोलर कोस्टर? 😬

सईची आई: नायट्रो नाही रे बाबा. तिथे पायाखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबतात, आणि तिचे पाय कधी कुठे जातील ते तिलाही सांगता येत नाही. ती तूच कर. तिच्या यादीत कॅरोसेल आहे, टबी हत्तीची राइड आहे, आणि आत बसून बघायचे शो आहेत. कॅरोसेलवर तिला घोडाच हवाय. घोड्याला पट्टा असेल आणि मला बाजूला उभं राहू देत असतील तर घोडा, नाहीतर बाक. त्यावर भांडण होणार, मानसिक तयारी ठेवलीय.

कामत काका (सी-३०२): पण ते नाही कसं म्हणतील? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. कलम २९ मध्ये मनोरंजनात समान सहभाग असं स्पष्ट लिहिलंय. मी छापून आणतो, दाखवू गेटवर.

सईची आई: काका, कायदा बरोबर घ्या, उपयोगी पडेल. पण गेटवरच काढू नका. नकाराचे दोन प्रकार असतात. 'या दांड्याला दोन्ही मांड्या लागतात, तिच्या बाबतीत तो धरणार नाही' असं ऑपरेटर म्हणाला तर मी हात जोडून परत फिरेन. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅरियन लेक पार्कात २०११ साली दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक रोलर कोस्टरवरून बाहेर फेकला जाऊन मरण पावला. त्या राइडचा दांडा मांड्यांवरच अडतो, बसणाऱ्याला दोन्ही पाय असलेच पाहिजेत असा नियमही होता, तरी त्याला बसू दिलं. दया येऊन दिलेला होकार मला नकोच.

पण 'अशी मुलं आम्ही घेत नाही', 'बाकीच्या लोकांना कसं वाटेल' असं कोणी म्हणालं तर मात्र तुमचा कागद बाहेर काढा, मी आवाज चढवते. आधी शांतपणे एवढंच विचारायचं, 'नेमकं कुठे धरणार नाही ते दाखवा.' ज्याच्याकडे कारण असतं तो दाखवतो.

कामत काका (सी-३०२): पटलं. कागद खिशात ठेवतो.

ओमचे बाबा (ए-२०४): आमच्या ओमचं वेगळंच आहे. अंगाने धडधाकट, पट्टा लावायला काही अडचण नाही. पण रांग, भोंगे आणि अंधार एकत्र झाले की तो कानांवर हात ठेवून खाली बसतो. एकदा जत्रेत आकाशपाळणा फिरत असताना उठायला लागला होता.

सईची आई: मग ओमसाठी जास्त जपायला हवं खरं तर! व्हीलचेअर दिसते म्हणून माझी सई सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. पण चालू राइडमधून उठणारं पोर जास्त धोक्यात.

गौरी (फिजिओ, बी-२०३): ओमला घरीच त्या राइडचा व्हिडिओ आवाजासकट रोज थोडा दाखवा. किती वेळ चालते ते घड्याळात मोजून दाखवा. तिथे गेल्यावर आधी बाहेर उभं राहून दोन फेऱ्या बघू द्या. कानावरचे हेडफोन रांगेत घाला, पण राइडवर चालतील का ते ऑपरेटरला विचारा. आणि तो जिथे 'नको' म्हणेल तिथे नको. अर्धवट चढवून पट्टा लावायचा नाही.

ओमचे बाबा (ए-२०४): देव बरें करूं, गौरी.

नाईक (ए-१): जत्रेवरून आठवलं, म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत पण पाळणे असतात. एवढ्या लांब जायला कशाला हवं 😀

कामत काका (सी-३०२): जत्रेच्या पाळण्याला पुष्कळदा एक सळई आणि एक खिळा, बाकी बोडगेश्वर. सईला नका नेऊ त्यात.

फडते काकी: आणि हणजुणचं ते स्प्लॅशडाउन? पाण्यात तर ती खूश असते ना?

सईची आई: पाण्यात खूश, घसरगुंडीवर नाही. वॉटर स्लाइडला धरायला काहीच नसतं, अंग आपलं आपणच सांभाळायचं. गार पाण्याने तिचे स्नायू अजून आखडतात. उथळ पाण्यात जॅकेट घालून, माझा हात पोचेल एवढ्या अंतरावर, तेवढं बास. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असलेलं कोणाचं मूल असेल तर बाहेरचं यंत्र पाण्याआधी काढायचंच, पण प्लास्टिकच्या कोरड्या घसरगुंडीवर पण काढून ठेवतात. घर्षणाने वीज साठते, त्याने यंत्र बिघडू शकतं.

आदित्य (बी-१०२): काकू, टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत मॉर्गन्स वंडरलँड म्हणून पार्क आहे, २०१० पासून. एका बाबाने आपल्या मुलीसाठी उभारलं. व्हीलचेअरसकट चढायचा कॅरोसेल! आणि त्यांच्या वॉटर पार्कात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या व्हीलचेअर, बॅटरीच नाही. दिव्यांगांना तिकीट नाही.

सईची आई: बघितलाय तो व्हिडिओ. सईने तिथलीही यादी केलीय 🙄 २०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा तिने एवढे व्हीलचेअरवाले लोक पहिल्यांदा एका जागी पाहिले. तेव्हापासून बाईसाहेबांच्या मागण्या वाढल्यात.

गौरी (फिजिओ, बी-२०३): प्रभू काका, एक गोष्ट राहिली. सईला फिट्सचं औषध चालू आहे. रात्रभर ट्रेन, पहाटे पनवेलला उतरणं आणि लगेच दिवसभर पार्क, हे मला नाही पटत. झोपमोड आणि चुकलेला डोस, दोन्हींनी फिट येऊ शकते. लुकलुकत्या दिव्यांनी काही थोड्यांनाच येते, जागरण मात्र बऱ्याच जणांना बाधतं. एक दिवस आधी पोचून रात्री झोपून जाऊया.

सेक्रेटरी प्रभू: म्हणजे खोल्यांचा खर्च वाढला.

नाईक (ए-१): चालेल की. पहाटे उतरून दिवसभर पार्क करायला आमचे गुडघे तरी कुठे तयार आहेत.

फडते काकी: माझं पण हेच म्हणणं होतं, पण बोलले नाही.

सेक्रेटरी प्रभू: बरं. एक रात्र खोपोलीत. सर्वांना मान्य धरतो. वहिनी, ट्रेनमध्ये सईला सवलत असते ना?

सईची आई: हो, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, तिला आणि बरोबरच्या एकाला. रेल्वेचं दिव्यांग कार्ड आहे, नंबर तुम्हाला वेगळा पाठवते. लोअर बर्थ बघा. खोली तळमजल्यावर, बाथरूमचं दार किती इंच रुंद ते हॉटेलवाल्याकडून मोजून घ्या. 'येईल हो व्हीलचेअर' म्हणाला तर ऐकू नका, टेप लावायला सांगा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी. सईला खुर्चीतून सीटवर आम्हीच ठेवणार. पार्कची माणसं बहुतेक उचलत नाहीत. मदत करायची तर काखेत हात घालून वर ओढायचं नाही, खांदा दुखावतो. एक हात पाठीमागे, एक मांड्यांखाली, आणि तिला सांगून. आदित्य, संध्याकाळी बागेतल्या झोक्यावर ये, दाखवते.

आदित्य (बी-१०२): ६ ला?

सईची आई: साडेसहा. ऊन उतरू दे. पार्कला मी उद्या फोन करतेय, ओमचे बाबा, तुमचेही प्रश्न पाठवा.

ओमचे बाबा (ए-२०४): रांगेत न थांबता येण्याची काही सोय आहे का, एवढंच विचारा. आणि मधे बसायला शांत जागा.

सेक्रेटरी प्रभू: कामत काका, तुमची नावं अजून आली नाहीत. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि या सुट्टीत गाडी तासात भरते. मग मला म्हणू नका.