मदत हवी आहे: दोन शिक्षक, चार वर्ग, वेळापत्रक कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. मेळघाटात, धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर आहे. पट 60च्या आत, म्हणजे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषाने आम्ही दोघेच. त्यात सोबतचे सर बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला किंवा प्रशिक्षणाला गेले की पहिली ते चौथी एकाच खोलीत. चौथीला भागाकार शिकवायला घेतला की पहिलीची पोरं गणित पेटीतल्या दशकाच्या दांड्यांनी तलवारबाजी सुरू करतात! मुलं घरी कोरकू बोलतात, आणि निपुणची (पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाची) चाचणी मात्र सरसकट मराठीत.

केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) बाकीच्या शाळांचीही हीच गत. पुढच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) परिपत्रकं वाचण्याऐवजी यावरच बसायचं म्हणतोय. केंद्रप्रमुख तयार आहेत.

इयत्ता बाजूला ठेवून वाचनस्तराप्रमाणे गट कुणी चालवलेत का? पहिली-दुसरीचा गट अर्धा तास स्वतःहून कशात रमतो? भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो टाकलात तरी चालेल. कोरकू-मराठी चित्रकार्डं कुणाकडे असतील तर कृपया कळवा, छपाईचं आम्ही बघू.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे व्हिडिओ तेवढे सुचवू नका. इथे रेंज टेकडीवर चढल्यावर येते.