शटर उतरवा, चाक फिरू द्या

दादा, इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींना, गुडवुड रिव्हायव्हलला, काढलेल्या फोटोंत गाड्या उभ्या केल्यासारख्या दिसतात, याला लेन्स जबाबदार नाही. तुमचं शटर सेकंदाच्या १/१००० भागापुरतंच उघडतं, म्हणून चाकाची एकेक तार गोठलीय. १/१२५ वर या, हात बसला की १/६०.

आमच्या लातूरकडं रेसिंग ट्रॅक कुठला! मी पॅनिंग, म्हणजे पळत्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं, शिकलो ते शंकरपटात. पाय रोवायचे, कमरेतून वळायचं आणि बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही. शंभरात पाच-सहा फोटो जमायचे, पण त्यात बैलाचा डोळा लख्ख आणि मागची गर्दी नुसत्या रेघा!

गुडवुडला १९४८ ते १९६६ च्या काळातल्या गाड्या पळतात. उघड्या गाडीत चालक खांद्यापर्यंत दिसतो. फोकस त्याच्या गॉगलवर धरा. टायर अरुंद, त्यामुळं वळणावर गाडी घसरते आणि सावरायला तो स्टीअरिंग उलटं फिरवतो. पुढची चाकं एकीकडं, गाडी दुसरीकडं, कोपर बाहेर आलेलं. मला विचाराल तर सरळ रस्ता सोडा, दिवसभर अशा एका वळणावरच थांबा. पुढचं रिव्हायव्हल सप्टेंबरात, तोवर गावच्या रस्त्यावर मोटारसायकलींवर हात बसवा.