जड म्हणून बुडतं असं नाही
'जड वस्तू बुडते' असं म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे, नाहीतर खिळा बुडतो आणि हजारो टनांचं लोखंडी जहाज तरंगतं ते कसं? वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो, बास. जहाज आतून पोकळ, म्हणून ते स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारू शकतं; भरीव खिळ्याला ते जमत नाही. आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला १५ लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा बांधून, म्हणजे डब्याचं वजन वजा करून पण १३-१४ किलोचा टेकू मिळतो आणि माणूस मुळात साधारण तेवढ्याच आकाराच्या पाण्याइतकाच जड, त्यामुळे डोकं वर ठेवायला तेवढं कितीतरी झालं. फक्त झाकण पक्कं पाहिजे, माझ्या डब्यात एकदा पाणी शिरलं तर काकाने केस धरून काढला मला 😀 समुद्रात जरा सोपं जातं, खारं पाणी लिटरमागे २५ ग्रॅम तरी जड असतं.