‘मेंटॉर’ला तालमीतला शब्द चालेल का?

मी कोल्हापुरात वास्तुकलेच्या मुलांना जुन्या दगडी इमारती मोजायला आणि त्यांची आरेखनं करायला शिकवतो. नव्या मुलांसाठी मराठीत एक पत्रक काढायचं आहे. ‘अभिजात वास्तुकलेतील मेंटॉरशिप’ एवढं लिहिलं आणि तिथंच अडलो. दोन्ही शब्द मनाला पटेनात, म्हणून इथे विचारतोय.

आधी ‘अभिजात’. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि हा शब्द घरोघरी पोचला. पण त्याचा मूळ अर्थ कुलीन, चांगल्या घराण्यात जन्मलेला. देवळं बांधण्याची विद्या बरीचशी घराण्यांतूनच चालत आली हेही खरं. सोमनाथचं आजचं मंदिर रचणारे प्रभाशंकर सोमपुरा अशाच घराण्यातले. माझे वडील मात्र शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेब लिहायचे. जन्मानं मला यातलं काहीच मिळालेलं नाही. ‘मयमत’ या जुन्या वास्तुग्रंथात बांधकामातले चौघे सांगितलेत: स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. त्यातला सूत्र धरून मापं घेणारा सूत्रग्राही हा स्थपतीचा मुलगा किंवा शिष्य असावा, असं तिथं म्हटलंय. त्या ‘किंवा’तून मी या कामात आलो.

आता ‘मेंटॉर’. ‘मार्गदर्शक’ म्हटलं की सत्काराचा हार आणि स्पर्धापरीक्षांचे क्लास आठवतात. ‘गुरू’पुढे नमस्कार करायचा, माप चुकलं तर गुरूंना कसं सांगायचं? ‘उमेदवारी’ हा फार चांगला शब्द होता. उमेद म्हणजे आशा. आज ना उद्या काम मिळेल या आशेवर कुणाच्या तरी हाताखाली राबत शिकायचं, ती उमेदवारी. वकिलाकडे, छापखान्यात, सगळीकडे ती चालायची. आता निवडणुकीनं तो शब्द जवळजवळ गिळलाय. पत्रकावर ‘उमेदवारी’ छापलं तर लोक वॉर्ड विचारतील.

मग आपल्या गावातलेच शब्द का नकोत? वस्ताद, पट्ठा, तालीम. ‘तालीम’ मूळ अरबी, अर्थ शिक्षण. कोल्हापुरात ती आखाडाही आहे आणि पेठेतली माणसं जमायची जागाही. पोराला एकदा तालमीत घातलं की ते वस्तादांचं होतं आणि पेठेचंही. मैदानात पुकारा होतो तो ‘अमुक वस्तादांचा पट्ठा’ असा.

माझं स्वतःचं असंच झालं. पदविकेनंतर चार वर्षं एका कचेरीत फ्लॅटचे नकाशे काढले. तोच बाथरूम, तीच बाल्कनी. एका रविवारी एक वयस्क शिक्षक मला परवानगीचा कागद घेऊन खिद्रापूरला घेऊन गेले. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाला वर सुमारे १३ फुटांचं गोल उघडं आभाळ आहे आणि त्याच्याभोवती बारा खांबांचं वर्तुळ. त्यांनी हातात ओळंबा (सरळ उभी रेघ पाहायची वजनाची दोरी) दिला आणि म्हणाले, “एकच खांब. संध्याकाळपर्यंत.” खांब कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल. गोल भागाला दोरा गुंडाळायचा, घेर मोजायचा, व्यास काढायचा. माझा व्यास तीनदा चुकला. त्यांनी चौथ्यांदा दोरा स्वतः धरला, पण आकडा मलाच काढायला लावला. पुढे मी नव्या मुलांचा दोरा धरू लागलो, आणि तेच माझं पोटापाण्याचं काम झालं. रविवारची ती दहाबारा माणसं आज माझी सगळ्यात जवळची आहेत. एवढं सगळं ‘मार्गदर्शन’ या शब्दात बसत नाही.

प्रतिसाद, पुण्याहून: कोल्हापूरबाहेर ‘तो मोठा वस्ताद आहे’ याचा अर्थ चलाख, जपून राहावं असा माणूस. आणि तालीम म्हणजे आमच्याकडे आधी नाटकाची. पत्रक गैरसमज करील.

प्रतिसाद, कागलहून: आमचे आजोबा गवंडी. आमच्यात ‘कुणाच्या हाताखाली शिकलास?’ असंच विचारतात. मोठा मिस्त्री, हाताखालचा पोरगा. भिंत सरळ आली की ‘सुतात आली’. मेंटॉर वगैरे कुणाला ठाऊक नव्हतं, कामं मात्र अजून उभी आहेत.

माझं उत्तर: कागलकर, ‘हाताखाली’ मी तुमच्याकडून घेतला. त्यात शिकवणाऱ्याचा हात दिसतो. आणि सुताची गोष्ट तर फार जुनी. आपला ‘सुतार’ हा ‘सूत्रधार’चाच झिजलेला शब्द. म्हणजे बांधकामातला सूत्रधार, नाटकातला सूत्रधार आणि आपल्या गल्लीतला सुतार एकाच घरचे.

त्यामुळे पुणेकर, नाटकाच्या तालमीचं मला वावडं नाही. चुकत, पुन्हा करत, सगळ्यांसमोर शिकणं दोन्हीकडे आहेच. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत ग्रीक-रोमन वळणाची वास्तुकला शिकवायचे, तेव्हाही मुलं एखाद्या वास्तुकाराच्या आतेलिएत, म्हणजे कार्यशाळेत, दाखल व्हायची. धाकटे थोरल्यांच्या आरेखनांना हातभार लावायचे आणि थोरले धाकट्यांच्या चुका दाखवायचे. ही तालीमच की! शिवाय कोल्हापुरात रोमन वळण आणि कुस्ती या दोन्ही गोष्टी एका जागी आहेतच. शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं, १९१२ साली पूर्ण झालेलं खासबाग मैदान पाहा. रोमन रंगभूमीसारखी गोल उतरती बैठक आणि मध्ये कुस्तीचा हौदा. पहिल्या दिवशी मी मुलांना तिथेच नेतो आणि बैठकीचा उतार काढायला लावतो.

‘वस्ताद’बद्दल तुमचं बरोबर आहे, तो पत्रकात घालत नाही. तोंडी मात्र पोरं म्हणतातच, आणि मला ते आवडतं. ‘अभिजात’ही काढला. शास्त्रीय संगीतासारखं ‘शास्त्रीय वास्तुकला’ म्हणावं का, यावर अजून घोळ आहे, कुणी सुचवा. तोवर मजकूर असा:

‘दगडी देवळांच्या मोजणीची तालीम. दर रविवारी, जुन्या मंडळींच्या हाताखाली. घराणं विचारलं जाणार नाही. ओळंबा आणि दोरा स्वतःचा आणावा.’